दोन नाकाडोंगरीवाल्या

मोहाडी तालुक्यात प्रिंटर बंद पडला की लोक दोन गोष्टी करतात. आधी त्याला एक चापट मारतात आणि मग टिकाराम मारबतेला फोन लावतात. टिकारामचं म्हणणं असं, की चापट मारण्यात वाईट काही नाही, फक्त ती बाजूने मारायची असते, वरून नाही. वरून मारली की काच फुटते, आणि काच फुटली की टिकारामच्या तोंडातून जे निघतं ते ऐकायला आसपास बायामाणसं नसलेली बरी.

एरवी माणूस मऊ. वय एकोणपन्नास, अंगाने बेताचा, पाठीला निळी झोळी आणि बुडाखाली एक जुनी मोटारसायकल, जिचा आवाज गावात शिरायच्या आधीच लोक ओळखतात. बाप श्यामराव तलावात मासे मारायचा. टिकारामनेही विशीपर्यंत जाळं टाकलं. मग तुमसरला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला, आणि पहिल्याच महिन्यात मशीनच्या पोटात फाटून अडकलेला कागदाचा कपटा त्याने इतका अलगद काढला की मालक पाहतच राहिला. आता यात नवल ते काय! फाटकं जाळं सांधायला बसलेली बोटं ती. त्यांना एवढंसं कागदाचं चिटोरं म्हणजे काय मोठी गोष्ट.

गेली सतरा वर्षं तो नागपूरच्या एका कंपनीत आहे. कंपनी मशीन भाड्याने देते. झेरॉक्सची दुकानं, सेवा केंद्रं, राइस मिलची ऑफिसं, शाळा, जो मागेल त्याला. मशीन कंपनीची, कागद गिऱ्हाइकाचा, आणि धावपळ टिकारामची. त्याच्या वाट्याला एकसष्ट मशीन. इकडे मोहाडी, तिकडे नाकाडोंगरीचं जंगल, आणि मधली सगळी गावं. धान निघायच्या दिवसांत मिलवाल्यांच्या मशीनमध्ये कोंड्याची धूळ बसते आणि रबराची चाकं कागद ओढेनाशी होतात. पावसाळ्यात कागद सादळतो. उन्हाळ्यात पाली गारव्याला म्हणून आत शिरतात आणि गरम रुळावर जीव देतात. हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण टिकारामला ठाऊक.

आता त्याची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायीच घडलं.

आपल्याकडे गावात नवी सून आली की आठ दिवस तिचं नाव लोकांच्या तोंडी असतं. नवव्या दिवशी ती आंधळगाववाली होते, नाहीतर करडीवाली होते, म्हणजे ज्या गावची लेक त्या गावची वाली. मग ती सासरी चाळीस वर्षं नांदो, नातवंडं खेळवो, करडीवाली ती करडीवालीच. टिकारामने तोच कायदा मशीनला लावला. मशीन सारख्या बदलत असतात. एखाद्या दुकानाचं काम वाढलं की मोठी आणायची, तिथली छोटी उचलून दुसऱ्या गावी द्यायची. तर जी मशीन आधी जिथे होती, त्या गावचं तिचं नाव. मोहाडीला भोजराजच्या सेवा केंद्रात होती ती नाकाडोंगरीवाली, कारण आधीची पाच वर्षं तिने नाकाडोंगरीत काढली होती. आणि नाकाडोंगरीच्या दुकानात आता होती ती जवाहरनगरवाली. दुकानदारही तसंच म्हणायचे. "टिकाराम भाऊ, तुमची नाकाडोंगरीवाली आज रुसली जी," असा भोजराजचा फोन यायचा. टिकाराम म्हणायचा, "माहेरची आठवन आली असन तिले. येतो."

या वर्षी ऑगस्टात कंपनीचे मालक अमर साहेब यांनी भंडाऱ्याला एक हॉल घेतला आणि पाचही मेकॅनिकांना बोलावलं. भिंतीवर पडदा लावला होता. सोबत साधना नावाची पंचविशीची इंजिनिअर पोरगी होती, दोन महिन्यांपूर्वी लागलेली, अजून पक्की न झालेली. अमर साहेब म्हणाले, आता कंपनीची दोनशे चौदा मशीन इंटरनेटवरून एकाच पानावर दिसणार. कुठे शाई संपत आली, कुठे कागद अडकला, सगळं नागपुरात बसून कळणार. आणि नुसतं कळणार नाही, मशीनला हुकूमही तिथूनच देता येणार. बंद कर, चालू कर, पोटातलं सगळं पुसून कोरी हो.

"पण त्याआधी नियम ठरवायचे आहेत," साधना म्हणाली. "प्रत्येक कंपनीची मशीन वेगळं बोलते. एक म्हणते शाई कमी, तेव्हा तिच्यात महिनाभराची शाई असते. दुसरी म्हणते, तेव्हा संध्याकाळी संपते. सगळ्यांनी एकच बोलायला हवं. शाई कमी म्हणजे नेमकी किती? पंधरा टक्के धरू या?"

चार मेकॅनिकांनी माना डोलावल्या. टिकाराम मागून म्हणाला, "टक्क्याचं मी काय करू, बाई?"

"म्हणजे?"

"मले नाकाडोंगरीले जायाले अर्धा दिवस लागते. पंधरा टक्के शाईत शाळावाले पंधरा दिवस काढते आन् सेवा केंद्रवाले दोन दिवस. मले टक्के नोका सांगू. शाई किती दिवस पुरन ते सांगा. तीन दिवसांचीच उरली, की मंग बोंबलाव."

साधनाने पेन उचललं आणि नियमांच्या वहीत लिहून घेतलं: दिवस, टक्के नव्हे. तेव्हापासून ती त्याला काका म्हणू लागली आणि रोज एखादा तरी फोन करू लागली. दार उघडं असणं आणि कागद अडकणं या दोन तक्रारी का एक? झोपलेली मशीन बंद समजायची का? टिकाराम झाडाखाली गाडी लावून उत्तरं द्यायचा. "झोपली ते झोपली, मेली ते मेली, बाई. दोन येगळे रंग ठेवा. नाईतर मी जित्या मशीनच्या मयतीले जाऊन येतो रोज." ती फोनवर खळखळून हसायची. टिकारामला ती पोरगी आवडली होती. त्याची स्वतःची गुड्डी भंडाऱ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, जवळपास त्याच वयाची.

पण मेकॅनिक काही दुधखुळे नव्हते. सगळं नागपुरातून दिसणार, नागपुरातून सुधारणार, तर मग पाच माणसं कशाला? दोन पुरे, असं अमर साहेबांनी कोणाजवळ तरी बोलून दाखवलं होतं, आणि ते तिसऱ्या दिवशी टिकारामच्या कानावर आलं होतं.

हॉलमधल्या त्या बैठकीनंतर प्रत्येकाला एक यादी भरायला दिली होती. मशीनचं नाव, मशीनचं ठिकाण. टिकारामने एका दमात एकसष्ट नावं लिहिली. नाकाडोंगरीवाली, जवाहरनगरवाली, करडीवाली, सगळ्या लेकी ओळीने. ठिकाणाच्या खान्याशी आल्यावर त्याला कंटाळा आला. ही मशीन कुठे आहे हे आपल्याला ठाऊक, भोजराजला ठाऊक, अख्ख्या तालुक्याला ठाऊक. त्याने वरपासून खालपर्यंत ‘नावाप्रमाणे’ असं लिहून टाकलं आणि यादी पाठवून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गंमत अशी की दोन महिने काही बिघडलं नाही. पडद्यावर नाकाडोंगरीवाली लाल झाली की साधना टिकारामला कळवायची, आणि टिकाराम गुमान मोहाडीला भोजराजकडे जायचा. इकडूनही टिकाराम, तिकडूनही टिकाराम, मग चूक दिसणार कोणाला? ऑक्टोबरात मात्र अमर साहेबांनी साधनाला हुकूम द्यायची परवानगी दिली. म्हणाले, करून पाहा, मेकॅनिकाला फोन न करता किती कामं निपटतात ते मला दाखव.

आणि एका गुरुवारी दुपारी नाकाडोंगरीच्या दुकानदाराने सरळ नागपूरला फोन केला. मशीन अडून बसली आहे, काही केल्या हलत नाही. साधनाने यादी पाहिली. नाकाडोंगरीवाली, ठिकाण नावाप्रमाणे. तिने हुकूम दिला: पोटातलं सगळं पूस, कोरी हो.

नाकाडोंगरीची मशीन जशीच्या तशी अडून बसलेली राहिली. आणि चाळीस किलोमीटर अलीकडे, मोहाडीत, भोजराजच्या केंद्रातली मशीन एकदा घुरघुरली, काळी झाली आणि पुन्हा उजळली ती पाटीसारखी कोरी होऊन. तिच्या पोटात सकाळपासून स्कॅन केलेले सत्तेचाळीस शेतकऱ्यांचे, सरकारी खरेदीसाठीच्या धान नोंदणीचे कागद होते. भोजराजची पद्धत अशी, की दिवसभर कागद मशीनमध्ये घ्यायचे आणि संध्याकाळी गर्दी ओसरली की कॉम्प्युटरवर चढवायचे. लोक आपापले सातबारे खिशात घालून आपापल्या गावी गेले होते. नोंदणीचा शेवटचा दिवस शनिवार.

पुढचे दोन दिवस काय झालं ते विचारू नका. भोजराजने सत्तेचाळीस फोन केले. म्हातारी माणसं पुन्हा बसने आली, कोणी कापणी सोडून आलं, एक बाई तर हातात विळा घेऊनच आली. टिकारामने झोळी टाकली आणि मोटारसायकलवर जाऊन ज्यांचे फोन लागत नव्हते त्यांना गावोगाव गाठलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळे सत्तेचाळीस कागद पुन्हा चढले. नुकसान कोणाचं झालं नाही, पण शिव्या कंपनीला इतक्या पडल्या, की अमर साहेबांनी सोमवारी सगळ्यांना नागपूरला बोलावलं. निरोपात एवढंच होतं, की साधनाने चुकीच्या मशीनला हुकूम दिला, तिचा निर्णय सोमवारी होईल.

रविवारी टिकाराम ओसरीवर बसून जेवत होता. समोर बायको, चंद्रकला. नवराबायकोचा संसार बावीस वर्षांचा, आणि बोलणं असं की दोघांना एकमेकांची अर्धी वाक्यं पुरतात.

"पोरगी हुशार आहे," टिकाराम म्हणाला. "पन चूक तिचीच. नाकाडोंगरीचा फोन आला, आन् नाकाडोंगरीवालीले हुकूम दिला तिनं."

चंद्रकला भात वाढत होती. तिने हात थांबवला.

"कोनती नाकाडोंगरीवाली?"

"कोनती म्हंजे? भोजराजकडची."

"मंग तिनं काय चुकवलं? नाकाडोंगरीचं काम निंगालं, तिनं नाकाडोंगरीवाली पाह्यली. तिले काय मालूम का तुमी मोहाडीवालीले नाकाडोंगरीवाली म्हनता?"

टिकारामचा घास हातातच राहिला. डोळ्यांसमोर ती यादी आली, ते ‘नावाप्रमाणे’ आलं, वरपासून खालपर्यंत, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. चूक पोरीची नव्हती. चूक त्याची होती. तिने बोट ठेवलं, पण चुकीच्या जागेवर नेऊन बसवलं ते टिकारामने.

चंद्रकला उठून आत गेली. आणि ती का उठून गेली, हे टिकारामला पक्कं ठाऊक होतं.

कारण चंद्रकला स्वतः नाकाडोंगरीवाली. गावात अजून एक नाकाडोंगरीवाली आहे, पलीकडच्या मोहल्ल्यातली गोदावरी. लग्नाला तिसरं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. गावात फोन एकच, किराणा दुकानातला. एक दिवस दुपारी नाकाडोंगरीहून फोन आला, नाकाडोंगरीवालीला लवकर पाठवा, बापाचं काही खरं नाही. दुकानातल्या माणसाने निरोप नेला, तो गोदावरीकडे. गोदावरी ऊर बडवत बस पकडून गेली, तर तिचा बाप अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होता. चूक उमगली, उलटा निरोप आला, तोवर शेवटची बस निघून गेली होती. चंद्रकला दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली तेव्हा माणसं घाटावरून परतत होती. बाप शेवटपर्यंत दाराकडे पाहत होता, असं तिच्या वहिनीने सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

चंद्रकलाने कोणाला दोष दिला नाही. गोदावरी मात्र आजही समोर आली की नजर वर करत नाही, आणि दर पोळ्याला न चुकता पुरणाचा डबा पाठवते.

त्या रात्री टिकाराम पुष्कळ वेळ खाटेवर नुसता पडून होता. गप्प बसलं तर काही होणार नव्हतं. यादी कोणी उघडून पाहणार नव्हतं, पाहिली तरी कोणाला कळणार नव्हतं. पोरगी कच्चीच होती, जाईल, दुसरीकडे लागेल. आणि बोललं तर? पाचातले दोन ठेवायचे आहेत, त्यात ज्याने कबूल केलं तो पहिला बाहेर. गुड्डीचं शेवटचं वर्ष. एकोणपन्नासाव्या वर्षी कोण काम देतं? परत जाळं घेऊन तलावात उतरायचं?

सकाळी तो भंडाऱ्याहून बसने निघाला. जवाहरनगरच्या फाट्यावर सरकारी कारखान्याच्या पाळीची माणसं उभी होती. त्यांच्याकडे पाहून त्याला पहिल्यांदाच हेवा वाटला. पक्की नोकरी. चूक झाली तर कागद फिरतो, माणूस जात नाही.

नागपुरात अमर साहेबांच्या खोलीत सगळे बसले. साधना कोपऱ्यात, डोळे सुजलेले, मांडीवर नियमांची वही. अमर साहेब तसे वाईट नव्हते, पण त्या दिवशी तापलेले होते.

"हुकूम देण्याआधी एक फोन करता येत नव्हता?" ते तिला म्हणाले. "सत्तेचाळीस माणसं! मी सगळ्या गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू?"

साधना म्हणाली, "सर, यादीत..." आणि थांबली. तिने टिकारामकडे पाहिलं, मग वहीकडे. टिकारामला कळलं, पोरीला ठाऊक आहे. तिने यादी तपासली आहे. आणि ती बोलत नाही, कारण बोलली तर काकाची नोकरी जाईल. झालं! टिकारामला एकदम राग आला, तिचा नाही, स्वतःचा. पंचविशीची पोर आपल्यासाठी गिळून बसली आणि आपण रात्रभर हिशेब घातले.

तो उभा राहिला. "साहेब, चोर सोडून संन्याशाले फाशी नोका देऊ. चूक माह्यी आहे."

"तुमची? तुम्ही तर तिथे नव्हतातच."

"मी नव्हतो, पन माह्यी यादी होती." आणि त्याने सगळं सांगितलं. माहेरची नावं, ‘नावाप्रमाणे’, कंटाळा, सगळं. बाकीचे मेकॅनिक आधी हसले. मग त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, की मीही आठ-दहा तशीच लिहिली आहेत. दुसऱ्याने मान खाली घातली. अमर साहेबांनी सगळ्या याद्या उघडायला लावल्या. दोनशे चौदापैकी एकशे दोन मशीन माहेरच्या नावाने नांदत होत्या.

"सतरा वर्षं!" अमर साहेब ओरडले. "सतरा वर्षं काम करता टिकारामजी, आणि मशीनला सुना समजून बसलात?"

"समजलो," टिकाराम म्हणाला. "सुनांच्या बाबतीतबी हेच चुकते, साहेब. मले तेवढं ठाऊक असून मी तेच केलं, याचं जास्त वाईट वाटून राहिलं."

खोलीत कोणाला त्याचा अर्थ लागला नाही. साधनाने मात्र वर पाहिलं.

"मंग आता नियम करा ना," टिकाराम पुढे बोलला, आणि एकदा बोलू लागला तो थांबेना. "मशीनचं गाव बदलते, दुकान बदलते, धनी बदलते. एक गोष्ट बदलत नाई. तिच्या पोटाखाली नंबर राह्यते, कारखान्यातच ठोकलेला. ते तिचं स्वतःचं नाव. पन तिले पलटवून कोनी पाहात नाई. वळखायची तर त्या नावानं वळखा. मंग एका खान्यात माहेर लिवा, एका खान्यात सासर, काही हरकत नाई."

"आणि हुकूम?" साधनाने विचारलं. तिचं पेन केव्हाच हातात आलं होतं.

"पाहाले कोनाले मनाई नाई. आमच्या तलावावर कोनीबी जाऊन पानी किती आहे ते पाहू शकते. पन तुडुम, म्हंजे तलावाचं दार, उघडून पानी सोडाचं असन, तर आंदी खालच्या वावरवाल्याले हाक मारा लागते, आन् त्यानं हो म्हना लागते. नाईतर कापलेला धान वाहून जाते. तसंच मशीनचं. पुसाचा हुकूम आला, तर आंदी मशीननं तिथं उभ्या मानसाले विचाराव, की बाप्पा, असा असा हुकूम आला, पुसू का? त्यानं बटन दाबलं तर पुसाव. नाई दाबलं तर नाई."

"मग नागपुरात बसून काय उपयोग?" अमर साहेब म्हणाले. "तिथे माणूस लागणारच असेल तर?"

"मानूस लागतेच जी," टिकाराम म्हणाला. "दुरून दिसते सारं, पन हो म्हनाले कोनीतरी जवळ लागते."

अमर साहेब मग साधनाकडे वळले. "लिही. पोटाखालचा नंबर, माहेर, सासर. पुसण्याआधी जागेवरच्या माणसाचा होकार. आणि तू उद्यापासून कामावर आहेस." ती पटकन खाली पाहून लिहू लागली. "आणि टिकारामजी, तुमच्या एकसष्ट मशीन पंधरा दिवसांत एकेक पलटवून नंबर टिपून आणायचे. स्वतः. एकही चुकला तर सोळाव्या दिवशी येऊ नका. पाचाचे दोन करायचं ते मी नंतर बघतो."

म्हणजे नोकरी गेली नाही, राहिलीही नाही. पंधरा दिवसांची झाली. पण बाहेर आल्यावर टिकारामला तहान लागली, भूक लागली, आणि गुरुवारपासून आपण नीट जेवलोच नाही हेही आठवलं.

साधना त्याला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत तिने विचारलं, "काका, ते सुनांच्या बाबतीतलं काय होतं?" त्याने तिला सांगितलं. किराण्यातला फोन, गोदावरी, शेवटची बस. साधना उभी राहिली.

"काकूंचं नाव काय?"

आणि गंमत बघा, टिकारामला उत्तर देता येईना. आठवत नव्हतं असं थोडंच आहे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, नंतर बावीस वर्षांत कामच पडलं नाही. गावासाठी ती नाकाडोंगरीवाली, त्याच्यासाठी ‘वो’, गुड्डी झाल्यावर गुड्डीची माय. नाव ओठावर यायला लाजत होतं.

"चंद्रकला," तो शेवटी म्हणाला, आणि चोरी पकडल्यासारखा इकडेतिकडे पाहू लागला.

"मग नियम घरी पण लावा," साधना म्हणाली. लहान तोंडी मोठा घास, पण बोलली.

गावी पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. बसमध्ये त्याने मनातल्या मनात चार-पाच वेळा म्हणून पाहिलं होतं. अंगणाशी आला, घसा साफ केला, कोणी ऐकत तर नाही हे पाहिलं आणि हाक मारली.

"चंद्रकला!"

आत भांड्यांचा आवाज चालूच राहिला. त्याने पुन्हा, जरा मोठ्याने हाक मारली. चंद्रकला पदराला हात पुसत दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या पाठीमागे पाहिलं, मग फाटकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"कोनाले आनलं जी सोबत? कोन पाहुनी आहे?"

"कोनी नाई."

"मंग कोनाले हाका मारून राहिले?"

"तुले," टिकाराम म्हणाला. "तुह्यंच नाव आहे ना ते?"

ती दारातच उभी राहिली. नोकरीचं काय झालं, पोरीचं काय झालं, हे विचारायला ती आली होती, ते सगळं विसरली. चौकटीला हात धरला. मग तिचा चेहरा असा झाला, की टिकारामला वाटलं, आपण भलतंच काही करून बसलो.

"त्या दिवशी," ती हळूच म्हणाली, "त्या फोनवर कोनी हे नाव घेतलं असतं, तर मले बस भेटली असती."

टिकारामने पाठीवरची झोळी खाली ठेवली, आणि शेजारची रत्नाबाई कुंपणावरून मान लांब करून बघत होती तरी, तिसऱ्यांदा हाक मारली.

"चंद्रकला."

"ओ," ती म्हणाली. मग डोळे पुसून, नाक ओढून, "हळू बोला ना जी. मी काय तिकडं तलावाच्या तुडुमावर उभी आहो? इथंच तं आहो."